राइनच्या पात्रातला काउबचा किल्ला: लढण्यासाठी बांधलेला की जकातीसाठी?

खाडीकाठ

जर्मनीत काउब या लहानशा गावासमोर, राइन नदीच्या ऐन पात्रातल्या फाल्केनाऊ नावाच्या खडकाळ बेटावर, फाल्ट्सग्राफनश्टाइन हा किल्ला उभा आहे. जर्मन राजा, बव्हेरियन लुडविग याने 1326-27 मध्ये तिथे प्रथम एक पंचकोनी मनोरा बांधला आणि 1338 ते 1340 या काळात त्याभोवती षट्कोनी तट उभा राहिला. पांढऱ्या भिंती, लाल रेघा आणि प्रवाहाच्या दिशेने रोखलेले टोक यांमुळे छायाचित्रात हा किल्ला नांगरलेल्या जहाजासारखा दिसतो, आणि प्रवासवर्णने बहुधा एवढ्यावरच थांबतात.

मला मात्र दुसराच प्रश्न पडतो. या बेटावर गाव नाही, शेत नाही, राजवाडा नाही आणि शिबंदीही जेमतेम वीसेक माणसांची असे. मग एवढ्या जाड भिंती कशाच्या रक्षणासाठी होत्या? उत्तर सरळ आहे. ये-जा करणाऱ्या प्रत्येक नौकेकडून जकात घेण्यासाठी हा किल्ला होता. काठावरच्या डोंगरावर गुटेनफेल्सचा किल्ला, त्याच्या पायथ्याशी तटबंदीचे काउब गाव, पात्रात हा मनोरा आणि मधल्या पाण्यात आडवी साखळी, अशी ती व्यवस्था होती. गुटेनफेल्स आणि काउबची जकात फाल्ट्सच्या सरदारांनी 1277 मध्येच विकत घेतली होती. बेटावरच्या मनोऱ्याने त्या जुन्या नाक्याला पक्के कुलूप घातले.

आपल्याकडे कल्याणपासून वसईपर्यंत उल्हास नदीवर आणि ठाण्याच्या खाडीवर दुर्गाडी, ठाणे, नागला बंदर, घोडबंदर आणि वसई अशी किल्ल्यांची रांग आहे. या रांगेकडे आपण नेहमी लढायांच्या अंगाने पाहतो. ती जकातीच्या अंगाने वाचता येईल का, आणि तसे वाचायचे तर बांधकामातल्या कोणत्या खुणा पाहाव्यात, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

मितभाषी

थोडक्यात, सातशे वर्षांपूर्वीचा आनंदनगर नाका. पुढचे प्रतिसाद वाचत राहीन.

गायमुखकर

फरक एवढाच की आनंदनगर आणि ऐरोलीला ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, आणि काउबची जकात बंद व्हायला 1867 साल उजाडावे लागले. म्हणजे बेटावरच्या मनोऱ्यापासून मोजले तरी वसुली पाचशे चाळीस वर्षे चालली. प्रकल्पाचा खर्च वसूल झाला की टोल बंद होईल, असे आश्वासन तिथल्या नावाड्यांना कोणी दिले होते की नाही, याचा शोध घ्यायला हवा.

राइनपार

माझे बालपण नौपाड्यात गेले आणि सध्या मी माइन्झजवळ राहतो, त्यामुळे या किल्ल्यावर जाणे होते. आतली रचना थोडी सविस्तर सांगतो, कारण खाडीकाठ यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या रचनेतच आहे.

बेटावर उतरल्यावर प्रवेशाला एकच अरुंद दार आहे आणि त्यावर वरून खाली सोडायचा जाळीचा दरवाजा आहे. आत गेल्यावर चौक इतका चिंचोळा वाटतो की वर पाहिले की आकाशाची पट्टीच दिसते. मधला पंचकोनी मनोरा तटापासून सुटा उभा आहे, त्यामुळे तट पडला तरी मनोऱ्यातली माणसे स्वतंत्रपणे टिकाव धरू शकत. तटाच्या आतल्या अंगाला एकावर एक अशा फांज्या (पहाऱ्यासाठी चालायच्या वाटा) आहेत, वर लाकडी छप्पर आहे आणि जंग्यांमधून (मारा करण्यासाठीच्या भोकांमधून) दोन्ही काठ व पात्र स्पष्ट दिसते. तटाचे एक टोक नेमके प्रवाहाच्या वरच्या बाजूला वळवलेले आहे. हिवाळ्यात वाहत येणारे बर्फाचे तुकडे आणि पुराचे पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जाते. 1607 मध्ये त्याच टोकाला तोफांसाठी बुरूज जोडला गेला. मनोऱ्यावरची आणि कोपऱ्यांवरची डौलदार छपरे 1755 च्या सुमाराची आहेत. आतमध्ये आजही वीज नाही आणि स्वच्छतागृहही नाही, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी काठावरूनच तयारीने निघावे.

आतल्या विहिरीबद्दल असे सांगतात की जकात न देणाऱ्या व्यापाऱ्याला तीत एका लाकडी तराफ्यावर सोडत आणि घरून पैसे येईपर्यंत तिथेच ठेवत.

या सगळ्यात पैसे मोजण्याची खोली मात्र सापडत नाही. वसुलीचा व्यवहार काउबच्या काठावर चाले. बेटावर होता तो फक्त धाक.

निवृत्त नाकेदार

राइनपार यांचे शेवटचे वाक्य मला फार पटले. माझी सगळी नोकरी एका महापालिकेच्या जकात नाक्यावर झाली, आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकात संपली तेव्हा मी निवृत्त झालेलो होतो. त्या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीने सांगतो: नाक्याची जागा ठरवताना तिथून गाडीला दुसरीकडे वळता येते का, एवढेच पाहतात. जागा प्रशस्त असणे, सावली असणे, कर्मचाऱ्यांची सोय असणे हे सगळे नंतर. आमच्या नाक्याच्या अलीकडे एक कच्ची वाट होती आणि एक शिपाई केवळ त्या वाटेवर लक्ष ठेवायला बसवलेला असे. काउबचा मनोरा म्हणजे त्या कच्च्या वाटेवर बसवलेला शिपाई आहे. नदीचे पात्र बेटामुळे दुभंगते, एका बाजूने निसटण्याची सोय राहते, म्हणून बेटावरच माणसे बसवली.

दुसरे असे की, जो हिशेब लिहितो त्याच्याकडे शस्त्र नसावे आणि ज्याच्याकडे शस्त्र आहे त्याच्याकडे गल्ला नसावा, ही व्यवस्था शहाणपणाची आहे. लुडविगच्या माणसांना हे कळत होते असे दिसते.

शंकासुर

धागा रोचक आहे, पण दोन हरकती नोंदवतो.

पहिली हरकत अशी की, राइनवरचा प्रत्येक किल्ला जकातीचा होता असा समज इथे तयार होऊ नये. ब्राउबाखच्या डोंगरावरचा मार्क्सबुर्ग पाहा. तिथे निवासाचे वाडे, प्रार्थनाघर, स्वयंपाकघर आणि उंच टेहळणी मनोरा असा एका सरदार घराण्याच्या वसतीचा सगळा सरंजाम आहे. तो किल्ला कधीच उद्ध्वस्त झाला नाही, म्हणून आज मध्ययुगीन किल्ला कसा असे हे सांगताना त्याचेच उदाहरण देतात, आणि 1900 पासून तो जर्मन किल्ल्यांच्या जतनासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे आहे. नदीवर नजर ठेवणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक होते. काउबचा किल्ला हा अपवाद आहे आणि अपवादावरून नियम काढू नये.

दुसरी हरकत उल्हासच्या बाबतीत आहे. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आतच 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला. साष्टी बेटाच्या सीमेवर मराठ्यांचे दडपण वाढले होते म्हणून घाईघाईने उभारलेले ते लष्करी ठाणे होते. त्याला जकातीचा किल्ला म्हणणे म्हणजे ओढून-ताणून आणलेले साम्य आहे.

खाडीकाठ

शंकासुर, तुमची दुसरी हरकत ठाण्यापुरती मान्य आहे. पण घोडबंदर आणि वसई यांना तोच न्याय लावता येणार नाही. 23 डिसेंबर 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली, आणि मराठ्यांशी निकराचा झगडा सुरू होण्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे ते इथे होते. एवढा काळ त्यांनी खाडीच्या तोंडावर काय केले, याचा विचार व्हायला हवा.

पहिल्या हरकतीबद्दल असे म्हणेन की मार्क्सबुर्गही 1283 पासून ज्या काट्सेनेलनबोगन घराण्याकडे होता, त्याच घराण्याने राइनफेल्सचा किल्ला बांधला आणि त्यांची श्रीमंती प्रामुख्याने राइनच्या जकातीवर उभी होती. वाडा डोंगरावर असला तरी त्याचा खर्च नदीतूनच निघत होता.

दुर्गभ्रमर

राइनफेल्सचे नाव निघाले म्हणून त्याची हकीकत सांगतो, कारण ती या चर्चेचा कणा ठरावी अशी आहे. काउंट डीटर पाचवा याने 1245 मध्ये सांक्ट गोआर इथे हा किल्ला बांधला आणि नदीवरची जकात वाढवली. त्या काळात सम्राटाची सत्ता खिळखिळी झाली होती. कायद्याने जकात बसवण्याचा अधिकार सम्राटाचा असला, तरी जो तो सरदार आपापल्या वळणावर साखळी टाकून बसला होता. व्यापार मरू लागला तेव्हा माइन्झ, वोर्म्स आणि इतर शहरांनी 1254 मध्ये राइन शहरांचा संघ स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी राइनफेल्सला वेढा घातला. हा वेढा वर्षाहून अधिक काळ चालला, तरीही किल्ला पडला नाही. संघ मात्र 1257 च्या सुमारास मोडला.

पुढे 1282 मध्ये हाब्सबुर्गच्या रुडॉल्फने राइखेनश्टाइन आणि झोनेक हे लुटारू सरदारांचे किल्ले पाडले आणि ते पुन्हा बांधण्यास मनाई केली. म्हणजे बेकायदा जकात आणि कायदेशीर जकात यांतला भेद राजालाही तोफेविना, कुदळीनेच समजावून सांगावा लागला. या पार्श्वभूमीवर 1326 चा काउबचा मनोरा पाहिला, तर राजाने स्वतःच त्या खेळात उतरून नदीच्या मधोमध जागा धरली असे म्हणावे लागते. पोप बाविसावा जॉन याने लुडविगला 1324 मध्येच धर्मबहिष्कृत केले होते, आणि त्याच्या तक्रारींत या मनोऱ्याचीही भर पडली. राइनवरच्या धर्मगुरूंच्या स्वतःच्या जकाती चालू होत्याच, हे इथे लक्षात ठेवावे.

वाशीकरीण

दुर्गभ्रमर, कोलोनचे काय? माझ्या वाचनात आहे की 1259 पासून तिथे येणाऱ्या व्यापाऱ्याला माल उतरवून तीन दिवस शहरातल्या गिऱ्हाइकांसमोर विक्रीला ठेवावा लागे आणि त्यानंतरच पुढे जाता येत असे. जकात देऊन सुटका होणारे काउब त्यापेक्षा दयाळू म्हटले पाहिजे. आमच्या बाजार समितीतल्या कांद्याच्या व्यापाऱ्यांना ही युक्ती कोणी सांगू नये.

निवृत्त नाकेदार

वाशीकरीण, माल तीन दिवस थांबला की कांद्याला कोंब फुटतात, हे कोलोनकरांना ठाऊक नसावे.

नौकानयन

इथे एक तांत्रिक मुद्दा राहून जात आहे आणि तो उल्हासच्या तुलनेत निर्णायक आहे, असे मला वाटते.

राइनवर प्रवाहाविरुद्ध जाणारी नौका वाऱ्यावर किंवा वल्ह्यांवर विसंबून नसे. काठावरच्या वाटेने चालणारे घोडे किंवा माणसे दोर बांधून ती ओढत. अशी नौका थांबवणे सोपे असते, कारण ओढणारा घोडा काठावरच अडवता येतो. प्रवाहाबरोबर वेगाने येणाऱ्या नौकेसाठी साखळी आणि बेटावरचा पहारा लागतो. शिवाय काउबच्या परिसरात पात्रात खडक आहेत, त्यामुळे नावाड्याचे लक्ष पाण्यावर खिळलेले असे आणि त्याला ठरलेल्या धारेतूनच जावे लागे. हा उथळपणा आजही त्रास देतो. राइनवरून मालाची जहाजे किती भरून न्यायची, हे ठरवताना काउबच्या पाणीपातळीचा आकडा पाहतात. ऑक्टोबर 2018 मध्ये तो 25 सेंटीमीटरपर्यंत उतरला. हा आकडा म्हणजे पात्राची खोली नव्हे, मोजपट्टीवरची नोंद असते आणि जहाजांच्या धारेत पाणी त्याहून बरेच जास्त असते, तरीही त्या वर्षी जहाजांना अर्धवट भरून जावे लागले.

आता उल्हास पाहा. घोडबंदरपाशी किंवा गायमुखपाशी उभे राहिले तर पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. गलबते भरतीबरोबर कल्याणकडे चढत आणि ओहोटीबरोबर उतरत. त्यामुळे इथे साखळीची गरज कमी आणि थांबण्याच्या जागेची गरज जास्त. भरतीची वाट पाहत गलबत जिथे नांगर टाकणार, तिथेच जकातीची चौकी बसणार. खाडीकाठ यांनी बांधकामातल्या खुणा विचारल्या आहेत, तर माझ्या मते पहिली खूण तटात नाही. ती धक्क्यात आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी गलबत लागण्याजोगा धक्का आहे का, आणि किल्ल्याचे दार त्या धक्क्याकडे तोंड करून आहे का, हे पाहावे.

गायमुखकर

नौकानयन यांचा निकष वसईला चपखल लागतो. तिथे एक दरवाजा जमिनीच्या बाजूला आणि एक दरवाजा बंदराच्या बाजूला आहे, आणि बंदराच्या दरवाजातून बाहेर पडले की आजही मच्छीमार बोटी समोर लागलेल्या दिसतात. घोडबंदरच्या टेकडीवर उभे राहिले की उल्हासचे वळण दोन्ही बाजूंनी नजरेच्या टप्प्यात येते. तिथून न दिसता गलबत जाऊ शकत नाही. मात्र संध्याकाळी त्या बाजूला जाणाऱ्यांनी घोडबंदर रस्त्यावरच्या रांगेचा विचार करून निघावे. जकात नसतानाही वाहतूक कशी अडवता येते, याचे ते उत्तम प्रात्यक्षिक आहे.

शंकासुर

धक्का असणे हा जकातीचा पुरावा होत नाही. धान्य, दारूगोळा आणि कुमकही धक्क्यावरच उतरते. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, तेव्हाही समुद्राच्या बाजूने रसद पोहोचते की नाही यावरच बरेच काही अवलंबून होते.

दुर्गभ्रमर

शंकासुर, तुमचे म्हणणे रास्त आहे. पण पोर्तुगीजांच्या बाबतीत जकातीचा लेखी पुरावा परवान्याच्या रूपात आहेच. अरबी समुद्रात फिरणाऱ्या परक्या जहाजाने त्यांच्याकडून कार्ताझ नावाचा परवाना घ्यायचा, त्यांच्या बंदरात येऊन जकात भरायची, आणि परवाना नसेल तर जहाज जप्त, असा त्यांचा शिरस्ता होता. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक, म्हणजे परवाने, द्यायला सुरुवात केली, तेव्हा युरोपीय कंपन्यांनी त्यांना चाचे म्हटले. राइनवर ज्याला सम्राटाचे अधिकारपत्र मिळाले तो जकातदार आणि ज्याला नाही तो लुटारू, हेच ते गणित आहे. वसई आणि घोडबंदर हे या परवाना-व्यवस्थेचे खाडीतले टोक होते, असे मी म्हणेन.

वाशीकरीण

आणि घाटाच्या डोक्यावरचे टोक म्हणजे नाणेघाट! कल्याण बंदरात उतरलेला माल घाट चढून जुन्नरला जायचा आणि वर दगडी रांजणात जकात पडायची. काउबचा भाऊ आपल्याकडे डोंगरावर सापडेल.

शंकासुर

रांजण जकातीचा होता ही परंपरेने चालत आलेली समजूत आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो लेख आहे, त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे व कार्षापण नाण्यांच्या दक्षिणेची नोंद आहे. एवढे दान करायला पैसा कुठून आला, याचे उत्तर घाटातल्या व्यापारात असावे हे मी मान्य करतो. रांजणाची साक्ष मात्र ग्राह्य धरणार नाही.

राइनपार

दंतकथांचा विषय निघालाच आहे तर काउबचीही एक सांगतो. फाल्ट्सच्या सरदाराने आपली मुलगी आग्नेस हिला या किल्ल्यात कोंडून ठेवले आणि तिच्या आईने तिथेच तिचे वेल्फ घराण्यातल्या हाइनरिषशी गुपचूप लग्न लावून दिले, असे तिकडे हौसेने सांगतात. ते लग्न 1194 च्या सुमाराचे आहे आणि बाखाराखच्या वरच्या स्टालेक किल्ल्यात झाले, असे मानतात. बेटावर तेव्हा एक चिराही बसलेला नव्हता. विहिरीतल्या तराफ्याकडेही मी त्यामुळे थोड्या संशयाने पाहतो.

ज्या एका मोठ्या लष्करी घटनेत हा किल्ला खरोखर उपयोगी पडला, तिथे त्याच्या भिंतींना काही काम नव्हते. 1813 च्या शेवटच्या रात्री प्रशियाचा सेनापती ब्लूखर नेपोलियनच्या मागावर काउबला पोहोचला आणि रशियन तराफ्यांचा पूल बांधून त्याने फौज पलीकडे नेली. पुलाला मध्ये टेकू म्हणून हे बेट वापरले गेले.

मितभाषी

म्हणजे बांधला लोकांना अडवायला आणि नाव झाले लोकांना पार नेल्याबद्दल.

निवृत्त नाकेदार

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण शंकासुर यांनी पुरावा मागितला आहे आणि तो मागणे योग्य आहे. जकातीचा किल्ला आणि लढाईचा किल्ला यांत फरक करण्यासाठी मी तीन गोष्टी पाहीन. शिबंदी किती राहू शकेल अशी जागा आहे. काउबला ती वीसेक माणसांची आहे, वसईला अख्खे शहर आहे. जंग्या आणि तोफा कोणत्या दिशेला रोखलेल्या आहेत, पाण्याच्या धारेकडे की जमिनीवरून येणाऱ्या वाटेकडे. आणि किल्ला पडला तर पुढचा मुलूख उघडा पडतो का. ठाण्याचा किल्ला 1737 मध्ये पडला आणि साष्टी गेली, डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुन्हा साष्टी गेली. तो मुलखाचा दरवाजा होता. काउब पडला असता तर फक्त नौका फुकट गेल्या असत्या.

या कसोटीवर ठाणे लढाईचे, नागला आणि घोडबंदर नजरेचे व नाक्याचे, आणि वसई दोन्हींचे, असे माझे मत आहे. दुर्गाडीबद्दल इतरांनी लिहावे.

खाडीकाठ

नाकेदार काका, ही कसोटी मला वापरण्याजोगी वाटते. दुर्गाडीच्या बाबतीत तिसराच प्रकार दिसतो. ऑक्टोबर 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथल्या खाडीत आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात झाली. म्हणजे तिथला काठ हा गोदीचा काठ होता. पोर्तुगीज अस्वस्थ झाले त्याचे कारण उघड आहे. कल्याणला बांधलेले जहाज समुद्रात जाणार ते ठाणे किंवा वसई यांच्या समोरूनच. नाका त्यांच्या हातात होता, पण नाक्यावरून आता व्यापाऱ्याऐवजी आरमार जाणार होते, आणि आरमाराकडून जकात मागण्यासाठी वीस माणसे पुरत नाहीत.

शंकासुर

हे पटले. घोडबंदरबद्दल मात्र तोफांच्या झरोक्यांचा रोख प्रत्यक्ष जागेवर पाहिल्याशिवाय मी मत देणार नाही. येत्या रविवारी सकाळी जाणार आहे. कोणाला यायचे असल्यास निरोप करावा.

गायमुखकर

मी येतो. सकाळी सातच्या आत निघू, नंतर अवजड गाड्या सुरू होतात. ओहोटीची वेळ मी पाहून ठेवतो, कारण पाणी उतरल्यावरच काठाचा जुना दगड नीट दिसेल.

राइनपार

तुमची छायाचित्रे इथे टाका, मी काउबच्या तटाची टाकतो. पुढच्या उन्हाळ्यात इकडे येणाऱ्यांसाठी एक सूचना: बेटावर नेणारी होडी पाण्याच्या पातळीनुसार चालते आणि पूर आला की बंद असते. काउब स्टेशनला उतरण्याआधी पातळीचा आकडा पाहून घ्यावा.